फिक्श्चर डिझाइनची नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू करावं का? (चाकण-भोसरी)

सरळरेषा

नमस्कार. मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे, चाकणच्या एका कंपनीत फिक्श्चर (मशीनवर पार्ट पक्का धरून ठेवणारं साधन) डिझाइन करते. इथे आठ वर्षं झाली, त्याआधी पिंपरीत दीड वर्ष. काम मुख्यतः व्हीएमसी-एचएमसीवरच्या (उभ्या-आडव्या सीएनसी मशीनवरच्या) मशिनिंग फिक्श्चरचं, त्यात बरीच हायड्रॉलिक क्लॅम्पिंगची, म्हणजे तेलाच्या दाबाने पार्ट आवळणारी. हातात ७८ हजार येतात, बेसिक ४० हजार.

आमचे जुने प्लँट हेड बाहेर पडले आणि त्यांनी तळवड्यात स्वतःचं टूलरूम (फिक्श्चर बनवायचं वर्कशॉप) टाकलं. त्यांचा निरोप आलाय, "तू बाहेर पड, महिन्याला तीन-चार फिक्श्चरचं डिझाइन मी देतो, साठ हजार बांधून." भोसरीतले दोन वर्कशॉपवालेही "मॅडम, ड्रॉइंग काढून द्याल का" म्हणून विचारत असतात. नोकरीत असताना बाहेरचं काम घ्यायचं नाही अशी अट आहे, म्हणून आजवर त्यांना नाहीच म्हटलंय.

घरची परिस्थिती अशी: नवरा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, त्याचं मानधन कधी वेळेवर, कधी तीन-तीन महिन्यांनी. मुलगी चौथीत. सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांचा मेडिक्लेम माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत. मोशीत फ्लॅट बघतोय, कर्ज अजून घेतलेलं नाही. नोटीस ९० दिवसांची. नेमणूकपत्रात "नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही" असंही लिहून घेतलंय.

मला हे काम मनापासून आवडतं. पण हल्ली माझा निम्म्याहून जास्त दिवस मीटिंग आणि रिपोर्टमध्ये जातो, थ्रीडी मॉडेल उघडायला संध्याकाळ होते. मला पुन्हा दिवसभर डिझाइन करायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगावं: साठ हजारांच्या भरवशावर बाहेर पडावं का? आणि त्याआधी काय उरकून घ्यावं?

टूलरूम_भोसरी

ताई, मी २०१३ पासून हेच करतोय. भोसरी एमआयडीसीत एस ब्लॉकला मित्राचा गाळा आहे, त्याच्या वरच्या खोलीत बसतो. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

काम मिळेल. हायड्रॉलिक सर्किटसकट फिक्श्चर करून देणारी माणसं कमी आहेत आणि लहान टूलरूमला पगारी डिझायनर ठेवणं परवडत नाही. खरी अडचण पैसे येण्याची आहे. पैशाची साखळी कशी चालते ते बघा. गाडी बनवणारी कंपनी पार्टवाल्याला पैसे देणार, पार्टवाला टूलरूमला देणार, आणि तोही मशीनवर ट्रायल पास झाल्यावर, कपॅबिलिटी मिळाल्यावर (पार्ट सातत्याने मापात निघतात हे दिसल्यावर). टूलरूमवाला मग आपल्याला देणार. आपलं काम सगळ्यांच्या आधी संपतं आणि पैसे सगळ्यांच्या शेवटी हातात पडतात. मॉडेल मंजूर होण्यापासून ट्रायलपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. त्यात कास्टिंगच वेळेवर आलं नाही तर आणखी. म्हणून घरखर्चाचे किमान सहा महिन्यांचे पैसे बँकेत असल्याशिवाय राजीनामा टाकू नका. तुमच्या यजमानांचं मानधनही उशिरा येतं, तेव्हा तुम्ही नऊ महिन्यांचे धरा.

याला माझा उपाय एकच आहे आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) हातात आल्याशिवाय मॉडेल उघडायचं नाही. पीओसोबत निम्मे पैसे. मॉडेल मंजूर झालं की चाळीस टक्के, आणि ते खात्यात आल्यावरच मॅन्युफॅक्चरिंग ड्रॉइंग आणि बीओएम (लागणाऱ्या सुट्या भागांची यादी) द्यायचे. तोवर फक्त थ्रीडी पीडीएफ दाखवायची. राहिलेले दहा टक्के ट्रायलनंतर. हे दहा टक्के बुडाले तरी घर चाललं पाहिजे असा हिशोब ठेवा.

दुसरी गोष्ट तुम्हाला नोकरीत कधी जाणवली नसेल, कारण तिथे तो त्रास मार्केटिंगवाले काढतात. ती म्हणजे रिव्हिजन, पार्टच्या ड्रॉइंगमध्ये मध्येच होणारे बदल. चाकणच्या एका गिऱ्हाइकासाठी मी ब्रॅकेटचं फिक्श्चर केलं. मॉडेल मंजूर, ड्रॉइंग गेली, बेस प्लेट मशीनवर चढली, आणि वरून पार्टचं नवं ड्रॉइंग आलं. लोकेटिंग होलची जागा सरकलेली, एका पॅडची जाडी वाढलेली. तीन-दोन-एक लोकेशन (पार्ट टेकवायच्या सहा जागा) नव्याने मांडावं लागलं, दोन क्लॅम्प कटरच्या वाटेत येत होते, तेही हलवले. गिऱ्हाइकाचं म्हणणं, ही दुरुस्तीच आहे, वेगळे पैसे कसले? माझ्या कोटेशनमध्ये पार्ट ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजन लिहिलेलं होतं, "रेव्ह बी नुसार", आणि खाली ओळ होती की रिव्हिजन बदलल्यास नवा दर लागू. त्या एका ओळीवर पैसे मिळाले. भांडण झालं, पण मिळाले. तेव्हा कोटेशनमध्ये पार्ट नंबर, रिव्हिजन, मशीनचं मॉडेल, एका वेळी किती पार्ट लोड होणार, क्लॅम्पिंग कसलं, आणि मंजुरीआधी किती बदल फुकट (मी दोन देतो), हे सगळं लिहा. तोंडी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ईमेल करा.

आता साठ हजार. हे साहेब भले असतील, पण हिशोब करू. एका हायड्रॉलिक फिक्श्चरला मॉडेल, सर्किट, सगळी डिटेल ड्रॉइंग आणि बीओएम धरून तुम्हाला किती तास लागतात ते तुमच्या टाइमशीटवरून काढा. मला पन्नासच्या आसपास लागतात. चार फिक्श्चर म्हणजे दोनशे तास, म्हणजे तुमचा अख्खा महिना. आज हातातल्या ७८ हजारांवर कंपनी तुमच्या पीएफमध्ये बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ४,८०० घालते. ग्रॅच्युइटीचे महिन्याला १,९०० पडतात, मेडिक्लेम वेगळा. म्हणजे साहेबांना त्याच कामाला पूर्ण वेळची डिझायनर साठात मिळणार, आणि सॉफ्टवेअरचं लायसन, कॉम्प्युटर, वीज सगळं तुमचं. या अटीवर जाऊ नका. त्यांना सांगा, साठ हजारांत महिन्याला दोन फिक्श्चर, त्यावरची प्रत्येकी ठरलेल्या दराने, इतरांची कामं घेण्याची मोकळीक, आणि थांबवायचं झालं तर दोन्हीकडून ६० दिवसांची सूचना. लेखी. तुम्हाला ते ओळखतात, तुमचं काम त्यांनी पाहिलंय, ते मानतील असं मला वाटतं.

तासाचा दरही काढून ठेवा. वर्षाला १२ लाख हवे असतील तर वर्षाचे दोन हजार तास धरून भागाकार करू नका. कोटेशन, वर्कशॉपच्या चकरा, ट्रायलला थांबणं, पैशासाठी फोन, यांत निम्मा वेळ जातो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. बिल लावता येतील असे हजार-अकराशे तास हाती लागतात. म्हणजे तासाला अकराशे-बाराशे रुपये. साहेबांचं बांधून घेतलेलं काम सोडून बाकीच्यांना त्याखाली कोट केलंत तर तुम्ही रविवारीही काम करत बसाल.

दोन वर्षांच्या त्या अटीबद्दल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे, नोकरी संपल्यावर माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट चालत नाही. गुप्ततेची अट मात्र चालते. कंपनीचं एकही मॉडेल, स्टँडर्ड पार्टची लायब्ररी, टेम्प्लेट काहीही पेन ड्राइव्हवर घेऊन निघू नका. क्लॅम्प आणि रेस्ट पॅडची लायब्ररी घरी नव्याने बनवा, आठवड्याभरात होते. आणि सॉफ्टवेअर विकतचंच. चोरीच्या सॉफ्टवेअरवर काढलेल्या ड्रॉइंगमुळे कायदेशीर नोटीस आली तर गिऱ्हाईकही तुटतं.

ताळेबंद

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी सीए आहे, भोसरी-तळवड्यातली बरीच लहान युनिट्स माझ्याकडे आहेत. पैशाच्या बाजूचं लिहिते.

आठ वर्षं झाली आहेत, म्हणजे ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची. बेसिक ४० हजार धरून १५ भागिले २६ गुणिले आठ, म्हणजे १ लाख ८४ हजारांच्या वर. ती मागून घ्या. पिंपरीच्या कंपनीचा पीएफ याच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) ट्रान्सफर केला होता का, ते आजच पोर्टलवर बघा. केला असेल आणि दोन्हीकडे पेन्शन योजनेत पैसे जात असतील तर तुमची सेवा साडेनऊ वर्षं भरते. वरचे सहा महिने किंवा जास्त असले की ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे दहा वर्षं होतात आणि ५८ व्या वर्षी पेन्शन पक्की होते. रक्कम मोठी नाही. १५ हजारांच्या मर्यादेवर दहा वर्षांचे महिना दोन हजारांच्या आसपास येतात. पण नोटीसच तीन महिन्यांची आहे, ती धरली की वरचे सहा महिने नक्की भरतात. पीएफ काढून घरखर्चाला वापरू नका. तो तसाच ठेवला तर व्याज मिळत राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो.

इंजिनीअरिंग हा ठरवून दिलेल्या व्यवसायांपैकी आहे, म्हणून तुम्हाला आयकराचं कलम ४४एडीए लागू होईल. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पण सगळे अजून हेच नाव घेतात. जमेच्या निम्मी रक्कम नफा धरायची, खर्चाच्या पावत्या मांडत बसायची गरज नाही. खरा नफा निम्म्याहून जास्त असेल तर मात्र तो दाखवायचा. समजा वर्षाला १४ लाख जमा झाले, नफा सात लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. पण गिऱ्हाइकं १० टक्के टीडीएस कापणार, म्हणजे तुमचे १ लाख ४० हजार रिटर्न भरून परतावा येईपर्यंत सरकारकडे अडकणार. भोसरी-दादांनी सांगितलेल्या नऊ महिन्यांच्या खर्चात हेही धरा. कमी दराने टीडीएस कापण्याचा दाखला मागता येतो, दुसऱ्या वर्षापासून तो जरूर घ्या.

सेवांना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मोठ्या कंपन्यांचे परचेसवाले नंबर मागतात म्हणून घाईने घेऊ नका. एकदा घेतला की बिल काढल्यावर १८ टक्के भरावेच लागतात, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. महाराष्ट्रात व्यवसाय कराची पीटीईसी नोंदणी मात्र हवीच, वर्षाला २,५००.

आणि पहिल्या बिलाआधी उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, सरकार एक रुपयाही घेत नाही. एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येते. मार्च महिन्यात माझ्याकडे अशा युनिटमालकांचे फोन येतात, कुणाकुणाचे द्यायचे राहिलेत ते विचारायला. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा.

अंबड_वळण

मी नाशिकला पॅनेलची इलेक्ट्रिकल ड्रॉइंग करते, स्वतंत्र. मेडिक्लेमबद्दल लिहिते कारण सासूबाईंचं वाचून काळजी वाटली. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या मधुमेहाला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ लागू शकतो. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षं मोजली जातात, पण कंपनी त्यांची तपासणी करून ठरवते. त्यामुळे हा अर्ज सगळ्यात आधी. पॉलिसी हातात पडली की मग राजीनामा. वैयक्तिक आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही.

फ्लॅटचं म्हणाल तर कर्ज नोकरीत असतानाच घ्या. नंतर बँका दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात.

टूलरूम_भोसरी

नाशिकच्या ताईंशी इथे मी सहमत नाही. पगाराच्या स्लिपवर कर्ज मिळेल हे खरं, पण हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जाणार आणि गिऱ्हाइकाचा चेक तेव्हा आलेला असेलच असं नाही. यजमानांचं उत्पन्नही ठराविक नाही. हप्ता डोक्यावर असला की माणूस पडेल त्या दराला काम घेतो. आणि राजीनामा देऊन तो लपवून कर्ज उचलणं तर करूच नका. दोन वर्षं भाड्याने राहा, रिटर्न नीट भरा, मोशी कुठे जात नाही.

सरळरेषा

सगळ्यांचे मनापासून आभार. पोर्टल बघितलं. पिंपरीचा पीएफ ट्रान्सफर झालेलाच नव्हता, अर्ज केलाय. सासूबाईंच्या पॉलिसीचा अर्ज या आठवड्यात देतेय. फ्लॅटचं आम्ही दोघांनी बोलून थांबवलं.

काल गुरुवारची सुट्टी होती, साहेबांना भेटून आले. दोन फिक्श्चरला साठ हजार आणि इतरांची कामं घ्यायची मोकळीक, दोन्ही त्यांनी मान्य केलं. लेखी द्यायलाही तयार आहेत. एकाच गोष्टीवर अडलेत. त्यांना मूळ मॉडेल फाइल्स पहिल्या दिवसापासून त्यांच्या सर्व्हरवर हव्यात, म्हणजे त्यांचा मुलगा लहानसहान बदल स्वतः करेल. काय करू?

टूलरूम_भोसरी

पहिल्या दिवसापासून नाही. मंजुरीपर्यंत थ्रीडी पीडीएफ, महिन्याचे पैसे आले की ड्रॉइंग आणि स्टेप फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी मॉडेलची प्रत). स्टेपवर त्यांना मशीनचा सीएएम प्रोग्रॅम करता येतो, काम अडत नाही. मूळ फाइल्स फिक्श्चरमागे वेगळी रक्कम लावून ट्रायलनंतर द्या, आणि करारात लिहा की त्यांच्याकडे बदल केलेल्या मॉडेलची जबाबदारी तुमची नाही. मुलाने क्लॅम्पचा हात दोन मिलिमीटर वाढवला आणि स्पिंडल आपटला, तर ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये नाव तुमचं असेल. एवढं समजावून सांगा. प्लँट सांभाळलेला माणूस आहे, त्यांना कळेल.