घराची किंमत शेवटी कोणी मोजली? : सरकारी घरे आणि सरकारी खर्च यांविषयी अनुभव धागा

२० मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ या ब्रीदाचे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरे आणि ७० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्या रात्री आमच्या घरी जेवताना वडील आणि धाकटा भाऊ यांच्यात एवढा वाद झाला की आईने शेवटी दोघांची ताटे उचलली. वडिलांचे म्हणणे असे की सरकारने पूर्वीसारखी स्वतः घरे बांधावीत आणि त्यासाठी अर्थसंकल्पात पैसा ठेवावा, कारण विक्रोळीच्या कन्नमवार नगरात गृहनिर्माण मंडळाने बांधलेली खोली भाड्याने मिळाली नसती, तर त्यांना आम्हा भावंडांना गावीच ठेवावे लागले असते. भाऊ बांधकाम व्यवसायात आहे. त्याच्या मते सरकारने परवानग्या लवकर द्याव्यात, चटई क्षेत्र (एका भूखंडावर किती बांधकाम करता येते ती मर्यादा) वाढवावे आणि आपला पैसा पाण्यावर व रेल्वेवर लावावा; घरे बांधणारे बांधतील. दोघांचेही बोलणे मला त्या त्या वेळी पटते, म्हणून हा धागा काढत आहे. सरकारी योजनेतून आपल्याला घर मिळाले असेल, हुकले असेल किंवा अशा खर्चालाच आपला विरोध असेल, तर कृपया घडलेले सविस्तर लिहावे. पक्षांची बाजू घेण्यापेक्षा आपल्या घराची किंमत शेवटी कोणी मोजली, हे लिहिले तर अधिक उपयोग होईल.

काळाचौकी, मुंबई : गिरणी कामगाराची मुलगी

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते. संप फसला तेव्हा मी दुसरीत होते. पुढे आईने खाणावळ चालवून आम्हाला शिकवले.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम आमच्या घरी सर्वांना पाठ होता. गिरणीची जमीन विकासासाठी खुली झाली, तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा तो हिशेब होता. वडील तो वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून दाखवत. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच जमिनीपुरती उरली. गिरणीचे आवार म्हणजे शेड, गोदामे आणि चिमणी. त्यात मोकळी जमीन असणार तरी किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल कायम ठेवला. त्या संध्याकाळी वडील जेवले नाहीत.

गिरणी कामगारांच्या घरांचा विषय निघाला की सरकारी खर्च आणि करदात्यांचा पैसा यांचीच चर्चा होते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. माझ्या वडिलांनी तिजोरीतून अनुदान मागितले नव्हते. ज्या जमिनीवर त्यांनी एकवीस वर्षे पाळ्या केल्या, तिचा कायद्याने ठरलेला वाटा त्यांनी मागितला होता, आणि तो वाटा आटला तो अर्थसंकल्पात पैसा नव्हता म्हणून नव्हे. जून २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा ६,९२५ घरे होती आणि एका घराची किंमत साडेसात लाख रुपये होती. आम्ही पैसे गोळा करून ठेवले होते, पण नाव आले नाही. २०१५ मध्ये वडील गेले. २०२० पर्यंतच्या चार सोडतींत मिळून १५,८७० घरे झाली आणि अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत. आता बदलापूरच्याही पुढे शेलू आणि वांगणी येथे साडेनऊ लाखांत घर घ्या, असे सांगितले जाते. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा होता. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी नको म्हणत असतानाही ती आली आणि पूर्ण वेळ बसून राहिली.

बदलापूर : खाजगी नोकरी

काळाचौकीच्या ताईंविषयी मला पूर्ण आदर आहे, कारण त्या किंमत मोजून घर मागत आहेत. माझा विरोध फुकट घराला आहे, आणि तो मी येथे स्पष्ट लिहितो. २००४ मध्ये मी आणि पत्नीने दागिने मोडून बदलापूरला घर घेतले. एकोणीस वर्षे हप्ता भरला. या काळात रोज चार तास लोकलमध्ये गेले आणि मुलाचे बालपण मी रविवारपुरते पाहिले. नोकरीच्या जवळ सरकारी जमिनीवर झोपडी बांधली असती तर तेथेच मोफत घर मिळाले असते, हा विचार मनात येतो तेव्हा मला स्वतःची लाज वाटते, पण तो येतो. झोपडीवासीयांना घर मिळण्याच्या पात्रतेची तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, मग २००० झाली, पुढे २०११ पर्यंतच्या रहिवाशांना अडीच लाख रुपये भरून घर, असे ठरले. तारीख पुढे सरकते असा विश्वास एकदा लोकांना बसला, की पुढची झोपडी उभी राहणारच. गरिबाला घर मिळू नये असे मी म्हणत नाही. जो पैसा घालायचा तो लोकलचे डबे, फेऱ्या आणि नव्या मार्गिका यांवर घाला, म्हणजे बदलापूर आणि वांगणी खरोखर मुंबईच्या जवळ येतील, एवढेच माझे म्हणणे आहे.

पूर्व उपनगरातील एक पुनर्वसन वसाहत : अंगणवाडी सेविका

बदलापूरच्या दादांना मी उत्तर देते आहे, रागाने नव्हे.

आम्ही रेल्वेच्या रुळांलगत राहत होतो. मार्ग वाढवण्यासाठी झोपड्या हलवल्या तेव्हा आम्हाला सात मजली इमारतीत २२५ चौरस फुटांचे घर मिळाले. मिळाले तेव्हा आई भिंतीवरून हात फिरवत रडली होती, कारण तिने जन्मात पक्की भिंत आपली म्हणून पाहिली नव्हती. आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही, हे खरे आहे. परंतु आमची आणि समोरची इमारत यांच्यात इतके कमी अंतर आहे की दुसऱ्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. तिसऱ्या वर्षी आईला क्षयरोग झाला, नंतर शेजारच्या दोन घरांत झाला. आई पूर्वी ज्या चार घरी धुणीभांडी करत असे ती घरे दोन बस बदलून जावे इतकी लांब राहिली, त्यामुळे ते काम सुटले. उद्वाहन बंद पडले की दुरुस्तीची वर्गणी निघत नाही, कारण पाणी आणि विजेचे बिल भरतानाच लोकांचा जीव मेटाकुटीला येतो.

दादा, तुम्ही घराची किंमत हप्त्याने दिलीत. आमच्याकडून ती आईच्या फुफ्फुसांनी वसूल झाली. सरकारचा पैसा वाचावा म्हणून कमी जागेत जास्तीत जास्त घरे बसवली गेली, असे मला वाटते. आणि औषधे व सरकारी रुग्णालयातली खाट यांवर होणारा खर्च मात्र घरांच्या हिशेबात कोणी धरत नाही.

पुणे : निवृत्त स्थापत्य अभियंता

मी अनेक वर्षे सरकारी गृहनिर्माणाच्या कामाशी संबंधित होतो. दोन्ही बाजू ‘खर्च’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतात, त्यातच गोंधळ आहे. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीने ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याचे, म्हणजे सुमारे ८ लाख घरांचे, आश्वासन दिले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. योजनेची रचना अशी, की विकासक झोपडीवासीयांना त्याच जागेवर घरे बांधून देतो आणि बदल्यात मिळालेले चटई क्षेत्र खुल्या बाजारात विकून आपला खर्च व नफा काढतो. तिजोरीतून पैसा जात नसल्यामुळे ही योजना सर्व पक्षांच्या सरकारांना सोयीची वाटली. अर्थ खात्याला हात आखडता घेता येतो आणि आश्वासनही उभे राहते.

तथापि, या रचनेत घर कोठे होणार हे गरजेवरून ठरत नाही, विक्रीच्या भावावरून ठरते. वांद्रे, वरळी, अंधेरी येथे फाइली धावत जातात. जेथे बाजारभाव कमी तेथे प्रस्तावच येत नाही. भाव पडले की काम थांबते, विकासक घर सोडलेल्यांना भाडे देणे बंद करतो आणि माणसे संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या खोल्यांत, म्हातारी होतात. पंचवीस वर्षांत ८ लाखांच्या निम्मी घरेही झाली नाहीत. शिवाय वाढीव चटई क्षेत्र म्हणजे वाढीव पाणी, मलनिस्सारण, शाळा आणि रस्ते. तो बोजा महापालिकेवर म्हणजे करदात्यांवरच येतो. वसाहतीच्या ताईंनी हाच मुद्दा माझ्याहून चांगला मांडला आहे.

सरकारने स्वतः बांधावे असे म्हणणाऱ्यांनाही मला सांगायचे आहे, की पैसा आला म्हणजे घरे झाली असे होत नाही. मागणी न पाहता दूरच्या जमिनीवर बांधलेली घरे विकली न जाता पडून राहिलेली मी पाहिली आहेत. म्हाडाच्या २०२३ च्या मुंबईतील सोडतीत ताडदेवच्या घरांची किंमत साडेसात कोटींच्या वर होती. महाग घर विकून अत्यल्प उत्पन्न गटाची घरे बांधता येतात, हे समर्थन हिशेबाला धरून आहे. मात्र त्यासाठी त्या पैशाचा माग जनतेला दिसला पाहिजे.

चारकोप, कांदिवली : निवृत्त शिक्षिका

आमचा अनुभव थोडा वेगळा असल्याने थोडक्यात लिहिते. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोप, गोराई, मालवणी येथे लहान लहान भूखंड दिले गेले. आम्हाला मिळालेला तुकडा ४० चौरस मीटरचा होता. सरकारने जमीन, नळ, गटार आणि रस्ता दिला. घर आम्ही बांधले. आधी पत्रे, पाच वर्षांनी स्लॅब, मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला. माझे यजमान कामगार संघटनेतले असल्याने जागतिक बँकेचा पैसा नको म्हणून आधी अर्जच करणार नव्हते. अर्ज मी भरला. महिनाभर आमचे बोलणे बंद होते. आज तेथे बाजारभाव एवढा आहे की माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणालाही तसे घर घेता येणार नाही, आणि तशी योजना पुढे मुंबईत चालू का ठेवली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

वरळी : बँक कर्मचारी

१९२० च्या दशकातील बीडीडी चाळींत आमच्या चार पिढ्या १६० चौरस फुटांत राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमची इमारत अजून व्हायची आहे. श्रेय कोणत्या पक्षाचे यावर आमच्या जिन्यात अजून भांडणे होतात. बाबा एवढेच म्हणतात की ही चाळही शंभर वर्षांपूर्वी सरकारनेच बांधली होती.

कुंभारी, सोलापूर : विडी कामगार महिलेची मुलगी

मुंबईबाहेरचेही कोणी लिहावे म्हणून लिहिते. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि आई बत्तीस वर्षे विड्या वळते आहे. हजार विड्या वळायला तिला पहाटेपासून संध्याकाळ होते. आमचे रे नगरमध्ये घर आहे. ३० हजार असंघटित कामगारांसाठीची ही वसाहत माकपचे नरसय्या आडम यांनी वर्षानुवर्षे मागून घेतली. पैसा प्रधानमंत्री आवास योजनेतून आला : घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, बाकी आमचा वाटा. २०१९ मध्ये पायाभरणीला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिली १५ हजार घरे देताना पंतप्रधान स्वतः आले. माझे काका भाजपचे आणि आई लाल बावट्याची. त्या दिवशी दोघे एकाच बसने गेले. आमच्याच सोलापूरने दाखवले की टोकाचे विरोधकही एका घरासाठी एका मांडवात येतात, याचा मला अभिमान आहे. त्याबरोबर हेही नोंदवते की नुसत्या घराने भागत नाही. विड्या मोजून द्यायला आईला आधी चालत जाता येत होते, आता वाहन लागते, आणि तेवढे पैसे मजुरीतून जातात. अभियंता काकांनी लिहिलेला दूरच्या जमिनीचा मुद्दा आमच्याकडेही आहे. परंतु आईला विचारले तर ती भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत परत जाणार नाही.

कळवा, ठाणे : रुग्णालयातील तंत्रज्ञ, मूळ गाव लातूर जिल्हा

वरचे सर्व अनुभव मालकीच्या घराचे आहेत. मी झोपडपट्टीतल्या दुसऱ्याच्या खोलीत अकरा वर्षे भाड्याने राहतो. पुनर्वसन झाले तर आम्ही घर न मिळता उठू, कारण पात्रतेची तारीख २०११ पर्यंतच येते आणि आम्ही त्यानंतर आलो. सोडतीत नाव आले तरी आगाऊ भरायला रक्कम हवी, आणि माझी बचत बहिणीच्या लग्नात संपली. २००८ मध्ये मुंबई महानगरात १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना निघाली होती. नंतर ती बदलली आणि पनवेलजवळच्या कोन येथील तशा खोल्या दोन दोन एकत्र करून २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना विकायला काढल्या. गिरणी कामगारांना घर मिळाले, त्याचा मला आनंद आहे. पण भाड्याची घरे त्याबरोबर नाहीशी झाली. धागाकर्त्यांच्या वडिलांना विक्रोळीत जे मिळाले, ते म्हणजे पगारात बसणारे भाडे आणि उद्या कोणी उठवणार नाही ही खात्री, तेवढेच मला हवे आहे. आमचा अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतो आणि मालकाने भाडे दीड हजाराने वाढवले आहे. रविवारी आम्ही दोघे दिवा स्टेशनच्या भागात एक खोली पाहून आलो. ती रुग्णालयापासून लांब पडते, रात्रपाळीनंतर परतायला गाडी नाही, तरी बहुधा तीच घ्यावी लागेल.