धनिकाच्या वाड्यात मुलींची शाळा: वाडा वाचला की अडकला?

पाटीपेन्सिल: न्यूयॉर्कला फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू आणि ९१व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ऑटो कान या बँकरचा वाडा आहे. १९१८ साली पुरा झाला, ८० खोल्या, नमुना रोमच्या पलाझ्झो देला कॅन्चेलेरिया या जुन्या महालाचा. १९३४ साली कान गेले आणि त्याच साली वाडा सेक्रेड हार्ट संघाच्या नन्सकडे आला. तेव्हापासून तिथे मुलींची कॅथलिक शाळा भरते, थेट बारावीपर्यंत. (लेडी गागा इथलीच.) शेजारचा बर्डन वाडाही त्यांनी १९४० साली घेतला. माझं मत असं, की एवढं मोठं घर जपायचं तर त्यात शाळा भरवण्याइतका चांगला मार्ग नाही. तुम्हाला काय वाटतं?

जर्सीचा जावई: असहमत. जपायचं तर सगळ्यांसाठी जपा. रस्त्यापलीकडे अँड्र्यू कार्नेगीचा वाडा आहे, तिथे १९७६ पासून स्मिथसोनियन या सरकारी पाठबळाच्या संस्थेचं कूपर ह्यूइट संग्रहालय आहे. तिकीट काढा, लाकडी जिना निवांत बघा, बागेत बसा. कानच्या वाड्याची मात्र बाहेरून दगडी भिंत आणि गाड्या आत घ्यायची कमान दिसते, बास. वर्षाची फी ५० हजार डॉलरच्या वर. सावकार गेला, सावकारांच्या लेकी आल्या. फरक काय पडला?

पाटीपेन्सिल: वाडा उभा राहिला, हा फरक पडला! ५७व्या रस्त्यावरचं कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट (दुसरा) या धनिकाचं घर कानच्या घराहूनही दांडगं होतं. १९२०च्या दशकात पाडलं, आता तिथे बर्गडॉर्फ गुडमनचं दुकान आहे. शहराचा वारसा जपण्याचा कायदाच मुळी १९६५चा, आणि कान वाड्याला त्याचं संरक्षण मिळालं १९७४ साली. मधली चाळीस वर्षं पाडायला कुणाची आडकाठी नव्हती. ऐन मंदीत ८० खोल्यांचं घर घ्यायला कोण रांग लावून उभं होतं? संग्रहालय म्हणाल, तर स्मिथसोनियनसारखा पाठीराखा प्रत्येक वाड्याच्या नशिबात नसतो. आणि सगळ्याच लेकी सावकारांच्या नाहीत, फीत सवलतही देतात.

चाळकरी: ना-नफा शिक्षणसंस्था म्हणून मालमत्ता कर माफ. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर! तोच पैसा सरकारी शाळांना मिळाला असता. नन्सनी वाचवला म्हणताना हेही धरा की.

खडूची धूळ: मी जुन्या बंगल्यातल्या शाळेत शिकवते (न्यूयॉर्क नव्हे, नाव राहू दे), म्हणून थोडं विस्ताराने. दिवाणखान्याचा वर्ग केला की छत चौदा-पंधरा फुटांवर, आवाज घुमतो. मागच्या बाकावरच्या मुलीला 'सात' आणि 'साठ' एकच ऐकू येतं. पडदे लावले, कापडी फलक लावले, तेव्हा कुठे जरा बरं. फळा टांगायचा तर भिंतीला खिळा नको, कारण नक्षी. प्रयोगशाळेला पाण्याची नळी न्यायची तर फरशी उकलायची, मग वास्तुतज्ज्ञ, मग ट्रस्टींची सही. न्यूयॉर्कात तर संरक्षित इमारतीच्या बाहेरच्या बाजूला काही बदलायचं असेल तर लँडमार्क आयोगाची परवानगी लागते. हा सगळा खर्च शेवटी कुणाकडून वसूल होतो? पालकांकडूनच. तेव्हा शाळा वाड्याला पोसते, उलट नाही. चांगल्या शिक्षणाला संगमरवर लागत नाही हो.

परळ टी.टी.: +१, पण अर्ध्याच मुद्द्याला. आपल्या मुंबईचं सोफिया कॉलेज याच सेक्रेड हार्ट संघाचं, १९४० सालचं. ते आवारही पूर्वी बड्या लोकांचं. मी तिथे बसने जायचे, वर्गात गिरगावच्या, लालबागच्या मुली असायच्या. त्या जागेत तीन वर्षं वावरलं की मोठ्या दारातून आत जाताना बुजायला होत नाही. याची किंमत कशी करणार, खडूताई? माझी तक्रार फीबद्दल आहे, वाड्याबद्दल नाही.

जर्सीचा जावई: बरं, फी राहू दे बाजूला. बर्डन वाड्यातला तो गोल जिना, वर काचेचा घुमट. तिथल्या लग्नसमारंभांचे फोटो नेटवर ढिगाने सापडतील. म्हणजे भाडं भरणारे पाहुणे चालतात. मग वर्षातले चार रविवार आम्हा फुकट्यांना का नको? शाळा बंदच असते.

पाटीपेन्सिल: रविवारचं मान्य. फक्त त्या दिवसाच्या पहारेकऱ्यांचा पगार करमाफीतून वजा धरावा, असं चाळकरींना सांगा.