गणपती ते तुळशीचं लग्न, दरवर्षी अडीच-तीन किलो वाढतं, यंदा काय करू?

मृण्मयी_पुणे

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. वय ४१, उंची पाच फूट दोन इंच, वजन ६४. मी दर रविवारी सकाळी वजन वहीत लिहून ठेवते. परवा गेल्या ४ वर्षांचं सगळं एकत्र बघितलं तर दरवर्षी तेच, गणपतीच्या आधी जेवढं असतं त्यापेक्षा तुळशीच्या लग्नानंतर अडीच ते तीन किलो जास्त, आणि मार्चपर्यंत त्यातलं जेमतेम दीड किलो उतरतं, बाकीचं राहतंच. असे ४ वर्षांत पाचेक किलो साठलेत.

यंदा जूनमध्ये तपासणी केली तर एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ५.९ आलं, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले गोळी नको सध्या, पण वजन अजिबात वाढू देऊ नका. बाबांना पंचेचाळिशीत डायबेटिस झाला होता, त्यांचे डोळे, पायाची जखम, सगळं मी जवळून बघितलंय, त्यामुळे यावेळी खरंच भीती वाटतेय.

घरी सासूबाई (वय ७२) सगळं स्वतः करतात आणि फार सुंदर करतात. उकडीचे मोदक, गौरीला पुरणपोळी, मग नवरात्राचे ९ दिवस उपवास म्हणजे रोज साबुदाणा, कोजागिरीला आटीव दूध, की लगेच फराळाची गडबड. चकली, शेव, चिवडा, करंज्या, शंकरपाळे, दोन प्रकारचे लाडू आणि अनारसे. ऑफिसात मिठाईचे बॉक्स वेगळे. भाऊबीजेला चार घरी जायचं, चारही घरी ताट. नाही म्हटलं की "अगं सणाचं आहे, नाही म्हणू नये". आणि याच दिवसांत माझं सकाळचं चालणं बंद पडतं कारण सकाळ स्वयंपाकघरात जाते.

मला सण सोडायचे नाहीयेत आणि आईंचं मनही दुखवायचं नाहीये. "मनावर ताबा ठेवा" हे सोडून, तुम्ही तुमच्या घरी नक्की काय करता ते सांगाल का?

सुनीता_डोंबिवली

मृण्मयी, मी ६३ वर्षांची आहे, म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या बाजूची, म्हणून त्या बाजूनेच लिहिते.

मला ६ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तेल कमी करा सांगितलं तेव्हा मी म्हटलं आम्ही कुठे एवढं तेल खातो. मग त्या दिवाळीत चकल्या करताना कढईत तेल मोजून ओतलं आणि तळणी झाल्यावर गार करून परत मोजलं. अर्धा किलो भाजणीला मोहन धरून पाव किलोच्या आसपास तेल गेलं होतं. चकल्या झाल्या ४५. म्हणजे एका चकलीत साधारण एक छोटा चमचा तेल, बोटाएवढ्या वस्तूत! आणि आपण कधी एक खातो का गं, चहाबरोबर तीन-चार सहज जातात. बेसनाच्या लाडवाचंही तसंच, अर्धा किलो बेसनाला पाऊण वाटी कमी अर्धा किलो पिठीसाखर आणि पाव किलोच्या वर तूप, त्याचे तीस लाडू, मुलीने हिशेब करून दिला तर एकेका लाडवाच्या २०० कॅलरी भरल्या. त्या दिवशी मी गप्पच बसले.

पण मी काही सोडलं नाही. फक्त प्रमाण बदललं. पूर्वी दोन किलोच्या चकल्या करायचे, आता अर्धा किलोच्या. पूर्वी सात जिन्नस, आता चार, आणि दरवर्षी आलटून पालटून, गेल्या वर्षी अनारसे केले तर यंदा करंज्या. वाटायला जायचं ते पहिल्या दिवशीच डब्यात भरून बाजूला. भाऊबीज झाली की डबे रिकामे. खरं वजन दिवाळीच्या चार दिवसांत वाढतच नाही गं, ते वाढतं त्याच्या आधीच्या आठवड्यात "बघू मीठ बरोबर आहे का" करताना आणि नंतरचे पंधरा दिवस ओट्यावर डबा उघडा असतो तेव्हा. जाता येता मूठभर चिवडा. त्याला कुणी जेवण म्हणत नाही, म्हणून तो कुठेच मोजला जात नाही.

आमच्याकडे फराळ नाश्त्याला. पहाटे अभ्यंगस्नान झालं की ताट मांडायचं, नीट बसून खायचं, आणि त्या दिवशी मग पोहे-उपमा नाही. दुपारच्या चहाला फराळ नाही, तेव्हा भूक लागली तर काकडी, पेरू, मूठभर फुटाणे. डबे ओट्यावर नाहीत, वरच्या फळीवर, स्टूल घेऊनच काढावे लागतात.

आणि सासूबाईंशी बोलायचं ते ताटावर बसून नाही. ताटावर नाही म्हटलं की आमच्या पिढीला ते आपल्या हाताला नावं ठेवल्यासारखं वाटतं. सामानाची यादी करायला बसाल ना, तेव्हा बोल. रिपोर्ट दाखव. आम्हाला आकडे कळतात.

रानवाट_नाशिक

सुनीताकाकूंचं मोजमाप वाचून मी बायकोला दाखवलं, फार छान लिहिलंय.

मी व्यायामाच्या बाजूने सांगतो. १२ वर्षं पळतोय, तरी सांगतो की फराळ पळून जिरवता येत नाही. साठ-पासष्ट किलोच्या माणसाने अर्धा तास भराभर चाललं तर १२०-१५० कॅलरी जातात, म्हणजे काकूंचा एक लाडू जिरवायला पाऊण तास. त्यामुळे "आज खाल्लं, उद्या दुप्पट पळू" या नादी लागू नका, दोन दिवसांनी गुडघे दुखतात आणि मग सगळंच थांबतं. व्यायाम कशासाठी, तर रोजची घडी मोडू नये म्हणून. दिवस मोडला की खाणं, झोप सगळंच मोडतं. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ती एकत्रच केली पाहिजेत असं कुठेही नाही.

तुमची सकाळ स्वयंपाकघरात जाते ना, मग सकाळ सोडून द्या सणापुरती. जेवण झाल्यावर १५ मिनिटं, दुपारी आणि रात्री. जेवणानंतर चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, तुमच्या ५.९ ला याचा उपयोग पहाटेच्या चालण्यापेक्षा कदाचित जास्तच होईल. रात्री सगळे मिळून आकाशकंदील बघत गल्लीला दोन चकरा, आमच्याकडे आता मुलंच आठवण करतात. आठवड्यातून दोनदा घरीच वीस मिनिटं उठाबशा, भिंतीला धरून जोर, एवढं केलंत तर पुष्कळ.

अजून एक, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहून घाबरू नका. खारट आणि गोड खाल्ल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं, दीड किलोची उडी दिसते त्यातलं बरंचसं पाणीच असतं आणि आठवडाभरात उतरतं. खरी एक किलो चरबी चढायला ७,७०० च्या आसपास कॅलरी जास्तीच्या जाव्या लागतात, ते एका दिवसात होत नाही. पण तुमची वही जे सांगतेय तेही खरंच आहे. अमेरिकेत २००० साली एक अभ्यास छापून आला होता, थँक्सगिव्हिंग (तिथला नोव्हेंबरअखेरचा सण) ते नवीन वर्ष या दिवसांतली वाढ सरासरी अर्ध्या किलोपेक्षाही कमी निघाली, पण ती पुढच्या वर्षभरात उतरलीच नाही. तुमच्या वहीत नेमकं तेच आहे, फक्त आकडा मोठा. म्हणून वजन करणं सणात थांबवू नका. बहुतेक जण गणपतीत काटा कपाटाखाली सरकवतात आणि डिसेंबरात काढतात.

केदार_एम

सगळं एअरफ्रायरमध्ये करा आणि लाडू शुगरफ्री घालून करा, प्रश्नच मिटला. आम्ही गेल्या वर्षी तेच केलं.

वैशाली_सांगली

केदार, राग मानू नका पण मला हे पटत नाही, आणि मी स्वतः ९ वर्षं डायबेटिसची पेशंट आहे म्हणून स्पष्ट लिहितेय. साखर काढली तरी करंजीत मैदा आणि तूप राहतंच. "शुगरफ्री" लिहिलंय म्हणून माणूस एकाच्या जागी चार खातो, मी खाल्लेत आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर आकडा बघून रडलेय. एअरफ्रायरमधले शंकरपाळे ठीक होतात, पण चकली कोरडी होते आणि मग घरातले म्हणतात यंदा मजा नाही आली, आणि बाहेरून पाकीट येतं. त्यापेक्षा घरची खरी चकली एक खा, नीट चावून.

मृण्मयी, तुमच्या पोस्टमध्ये मला दिवाळीपेक्षा नवरात्र जास्त खटकलं. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि तूप, आणि उपवास म्हणून वाटी जरा मोठीच. ९ दिवस रोज खिचडी म्हणजे तुमच्यासारखीला सगळ्यात वाईट. उपवास करायचाच तर साबुदाणा पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, मधे राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर, उपवासाची भाजी चालत असेल तर लाल भोपळा. वरईसुद्धा थोडीच, ताटभर भातासारखी नको. ताक भरपूर. आणि ज्यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करूच नये, हे इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी.

कंबरही मोजत चला. आपल्या लोकांत बायकांची ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या आत हवी असं धरतात, कारण आपल्याकडे चरबी पोटावर आधी बसते, वजन फार नसलं तरी.

फोंडेकर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे मोठा सण चवथ, नेवऱ्या, मोदक सगळं तेव्हाच. दिवाळीला तुमच्यासारखे डबे भरत नाहीत. पहाटे नरकासुर जाळला, अंघोळ करून कारीट फोडलं की घरोघर पोहे. गूळ आणि नारळाच्या रसातले, ताकातले, फोडणीचे, आणखी दोन-तीन तऱ्हा, प्रत्येक घरातून वाटीभर. आई ताकातल्या पोह्यांना मिरची आणि आलं ठेचून लावते, त्याचा वास आला की मला दिवाळी झाल्यासारखं वाटतं. कढई फारशी चढतच नाही आणि शेजारीपाजारी जाणं-येणं तेवढंच होतं. तुमच्या सासूबाईंना पहिल्या दिवसाच्या ताटात एखादा पोह्यांचा प्रकार वाढवून सुचवा, तळणातला एक आपोआप कमी होईल.

एडिसनहून_प्रसाद

आमची गोष्ट थोडी वेगळी आहे पण शेवट तोच. इथे अमेरिकेत दिवाळी घरात एक दिवस, पण पार्ट्या पुढचे पाच-सहा वीकेंड, प्रत्येकाकडे पॉटलक (सगळ्यांनी एकेक पदार्थ करून आणायचा), मग थँक्सगिव्हिंग, मग ख्रिसमसची ऑफिसची गोडाधोडाची टेबलं. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात की पाचच्या आत काळोख, थंडी, ऑफिसातून आल्यावर चालणं संपलंच. माझं वजन खाण्यापेक्षा या काळोखाने वाढायचं हे कळायला ३ वर्षं गेली. आता जेवणाच्या सुट्टीत उजेड असताना २५ मिनिटं चालतो, बर्फ असेल तर मॉलमध्ये. पॉटलकला मी स्वतः मोठं भांडं भरून मटकीची उसळ नाहीतर कोशिंबीर नेतो, म्हणजे निदान एक पदार्थ तरी पोटभर खाता येतो. लोक आता मुद्दाम मागतात, कारण घरापासून लांब उसळ कुणी करून आणत नाही.

चार घरी जायचं असतं तेव्हा आम्ही मित्रांनी ठरवून टाकलंय, दोघांकडे जेवण, बाकी दोघांकडे फक्त चहा. आधी फोनवर सांगितलं की कुणाला राग येत नाही.

मृण्मयी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस परत परत वाचतेय. वैशालीताई, नवरात्राचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी उपवास म्हणजे कमी खाणं असंच धरून चालले होते. वही उघडून बघितली तर खरंच त्या दोन आठवड्यांत वाढ दिसतेय.

सुनीताकाकू, तुम्ही म्हणालात तसं यादीच्या वेळेला बोलले. रिपोर्ट दाखवला. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना मी शेवटी हॉस्पिटलात बघितलंय, आधी का नाही सांगितलंस?" आणि पेन घेऊन स्वतःच शेव आणि अनारसे खोडले. रव्याचा लाडू ठेवलाय, तो नातवासाठी, बेसनाचा यंदा नाही. प्रसाददादांचं ऐकून दोन नणंदांना फोनही केलाय, एकीने लगेच "बरं झालं गं, मलाही एवढं रांधायला नको" म्हटलं, दुसरीला अजून समजवायचंय.

रात्रीच्या चकरांना आईपण यायला लागल्यात. त्यांचा वेग कमी, त्यामुळे पंधराची वीस मिनिटं होतात. काकू, एक विचारायचं राहिलं, अर्धा किलो भाजणीला मोहन नक्की किती घालता? आई म्हणतात एवढ्या कमी पिठाचा त्यांना अंदाज नाही.

सुनीता_डोंबिवली

पाव वाटी कडकडीत तेल, त्याहून जास्त नको, मऊ पडतात आणि तळताना तेल पितात. घाणा घालताना तेल चांगलं तापलेलं हवं, मग आच मध्यम. आईंना माझा नमस्कार सांग.