अनुभवी सेटरला प्रतिस्पर्ध्याकडून दीडपट पगाराचे बोलावणे: थांबवावे कसे आणि दर कमी करावेत का?

प्रश्न: उद्योजिका, हिंगणा एमआयडीसी

नमस्कार. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचे सीएनसी टर्निंगचे (संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे गोल भाग कापण्याचे) युनिट आहे. वडिलांनी ते उभे केले आणि आता मी सांभाळते. बावीस माणसे आणि दोन पाळ्या आहेत, आणि काम मुख्यतः ट्रॅक्टर व पंपांना लागणाऱ्या शाफ्ट, बुश (पोकळ नळीसारखे भाग) आणि फ्लँजचे आहे. बुटीबोरीत याच कामाचे एक मोठे युनिट अलीकडे सुरू झाले असून त्यांनी आमच्या मुख्य सेटरला, म्हणजे प्रत्येक नव्या कामासाठी मशीन जुळवून देणाऱ्या कारागिराला, दीडपट पगार देऊ केला आहे. हे गृहस्थ वडिलांच्या काळापासूनचे. मी त्यांना काकाच म्हणते. त्यांनी आडपडदा न ठेवता मला येऊन सांगितले आणि निर्णयासाठी महिनाभर थांबण्याचे कबूल केले. ते गेले तर दोन ऑपरेटरही त्यांच्यामागे जातील, अशी कुणकुण आहे. त्यातच आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने सगळे दर आठ टक्क्यांनी उतरवा, नाहीतर काम बुटीबोरीला देऊ, असे कळवले आहे.

काकांना तेवढाच पगार देऊन थांबवावे का? तसे केले तर बाकीच्यांना काय सांगायचे? प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही असे कोणाकडून लिहून घेता येते का? आणि दरांचे काय करावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: निवृत्त प्रोडक्शन मॅनेजर, वाडी

ताई, काकांनी स्वतः येऊन सांगितले आणि वेळही दिला, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. बहुतेक ठिकाणी माणूस पगार हाती पडला की दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद होतो आणि फोनही उचलत नाही. म्हणून त्यांच्याशी बोलताना आकड्यापासून सुरुवात करू नका. तिथे असे काय आहे जे इथे नाही, हे आधी विचारा आणि मधे न बोलता ऐकून घ्या.

एकट्या माणसाला दीडपट पगार देण्याच्या मी विरोधात आहे. शॉपफ्लोअरवर पगार झाकून राहत नाही. चहाच्या टपरीवर आठवड्याच्या आत आकडा फुटतो, आणि पगार वाढवून हवा असेल तर बाहेरची ऑफर आणावी लागते, एवढाच अर्थ बाकीचे त्यातून काढतात. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली कामगारांची गळती वर्षाला सुमारे ३७० टक्क्यांवर गेली होती. जानेवारी १९१४ मध्ये त्याने पाच डॉलर रोज जाहीर केला तो निघालेल्या एखाद्या कारागिरासाठी नव्हता. अटी ठरवून, त्या पाळणाऱ्या सर्वांना तो लागू होता, आणि त्याच वेळी पाळीही नऊ तासांवरून आठ तासांवर आणली होती. त्या अटींपैकी काही कामगारांच्या घरात डोकावणाऱ्या होत्या आणि त्या घेण्यासारख्या नाहीत, पण वाढ सर्वांना कळेल अशा नियमाने द्यावी, ही गोष्ट नक्की घेण्यासारखी आहे.

दुसरे म्हणजे शेड. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याखाली मशीनजवळ उभे राहणाऱ्याला तो त्याहून कितीतरी जास्त जाणवतो. नवे युनिट हवेशीर असेल तर माणसे निम्मी त्यासाठीच जातात, फक्त तसे बोलून दाखवत नाहीत. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. पोलाद दर मीटरला दर अंशामागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. १०० मिलिमीटर व्यासाचा जॉब (कापायचा नग) मशीनवरून नुकताच उतरलेला असेल आणि मायक्रोमीटरपेक्षा १५ अंशांनी गरम असेल, तर तो सुमारे १७ मायक्रॉन मोठा भरतो. ऑपरेटर माप बरोबर आले म्हणून पुढचा नग लावतो, आणि थंड झाल्यावर व्यास खाली गेलेला असतो. उन्हाळ्यात रिजेक्शन वाढते म्हणून आपण माणसाला बोलतो, आणि तो मनातून दुखावून दुसरीकडे बघू लागतो. पत्र्याखाली इन्सुलेशन, छतावर टर्बो व्हेंटिलेटर आणि तपासणीसाठी एक वेगळी थंड खोली, एवढा खर्च कोणत्याही पगारवाढीच्या आधी करावा असे मला वाटते.

तिसरी आणि माझ्या मते खरी अडचण अशी की काका गेले तर त्यांच्याबरोबर काय काय जाईल, हे आज आपल्याला सांगता येणार नाही. पातळ भिंतीच्या बुशला, जॉब पकडून धरणाऱ्या चकचे प्रेशर किती ठेवायचे (जास्त झाले तर तो चकमध्ये गोल दिसतो आणि काढल्यावर अंडाकार होतो), चकचे मऊ जबडे (सॉफ्ट जॉ) आतून किती कापायचे, कोणाकडून आलेले फोर्जिंग (ठोकून घडवलेला कच्चा नग) कडक निघते, हे ड्रॉइंगवर नसते. ते एकाच डोक्यात असणे ही काकांची चूक नाही. तशी व्यवस्था आपण केलेली नसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवी माणसे झपाट्याने तयार करण्यासाठी एक साधी पद्धत वापरली गेली आणि पुढे जपाननेही ती उचलली: कामाचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्यातली कळीची गोष्ट आणि तिचे कारण सांगायचे, शिकणाऱ्याकडून ते करून घ्यायचे आणि नंतर काही दिवस लक्ष ठेवायचे. काका थांबोत वा न थांबोत, हा महिना त्या कामाला द्या.

उत्तर २: वकील, सदर

करारापुरते लिहितो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाला आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, असे लिहून घेतले तरी न्यायालयात ते सहसा टिकत नाही. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याचे बंधन मात्र चालते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले आहे. ग्राहकांची ड्रॉइंग आणि दरपत्रके गोपनीय ठेवण्याची अट नेमणूकपत्रात घालता येते आणि ती घालावीच. जाणाऱ्याचा हिशेब अडवून धरू नका. कायद्याच्या दृष्टीने ते चूक आहेच, शिवाय राहणारे सगळे ते पाहत असतात.

दरांविषयी बोलण्याआधी ग्राहकाकडून पैसे किती दिवसांनी येतात, तेही बघा. युनिट उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत ठेवता येत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. व्याज मागून ग्राहक तोडा, असे मी म्हणत नाही. दर कमी करण्याची मागणी टेबलावर आली की वेळेवर पैसे देण्याची आपली मागणीही त्याच टेबलावर ठेवता येते.

उत्तर ३: व्हेंडर, बुटीबोरी

मी बुटीबोरीतच आहे, त्यामुळे नव्या मशीनचे हप्ते काय असतात हे मला ठाऊक आहे. अशा मशीनला दिवसरात्र एकच काम लागते. दोन हजार नगांचा लॉट असेल तर त्यांच्याशी दरात झुंजू नका, हराल. चाळीस नगांच्या लॉटचे गणित वेगळे आहे. सायकल, म्हणजे एक नग कापायचा वेळ, तीन मिनिटांची आणि सेटिंगला दोन तास धरा. म्हणजे मशीनचे दोन तास कापण्यात गेले आणि दोन तास तयारीत. सेटिंग एका तासावर आणले की तोच लॉट चारऐवजी तीन तासांत उतरतो, म्हणजे मशीनच्या वेळेत २५ टक्के बचत. ग्राहक आठ टक्के मागतो आहे. मोठ्या लॉटचे काही काम जाऊ द्यावे, छोट्या आणि अडचणीच्या लॉटवर हक्क सांगावा आणि तिथे दर उतरवण्याऐवजी लवकर माल देण्याचे वचन द्यावे.

पण म्हणूनच मॅनेजर साहेबांशी माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे. सेटिंगचा वेळ निम्म्यावर आणणारा माणूस काकाच आहेत. महिन्याभरात सगळे कागदावर उतरेल, हे मला पटत नाही. हातातले कसब उतरायला वर्ष लागते. त्यांना पैसे द्या, मात्र जुन्या जागेवर नको. दोन तरुणांना सेटर बनवण्याची जबाबदारी असलेली नवी जागा काढा आणि वाढ त्या जागेची म्हणून सर्वांसमोर जाहीर करा. आयटीआयमधून अ‍ॅप्रेंटिसही घ्या. तीसपेक्षा कमी माणसांच्या युनिटला त्याची सक्ती नाही, पण चार माणसांपासून पुढे घेता येतात, आणि केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल काकांशी बोलले. पैसा हे कारण आहेच, मुलीच्या शिक्षणाचा खर्च आहे. पण रात्रपाळीत एखादे मशीन अडले की मध्यरात्री घरी फोन येतो, हे त्यांनी दोनदा सांगितले. दीडपट नको, पण नवी जागा आणि कायम पहिली पाळी मिळाली तर विचार करतो, असे म्हणाले. शेडच्या कामाचे कोटेशन मागवले आहे. आता प्रश्न तरुणांचा आहे: कोण सेटर झाला आणि कोण नाही हे मी ठरवले, तर पक्षपाताचा आरोप होईल.

उत्तर १: निवृत्त प्रोडक्शन मॅनेजर, वाडी

व्हेंडर भाऊंचे म्हणणे मला पटले. जागेची म्हणून दिलेली वाढ माझ्या आक्षेपात बसत नाही. तरुणांबाबत तुम्ही किंवा काका, कोणीच ठरवू नका. जॉबला ठरवू द्या. तुमच्याकडे वारंवार येणारे सहा-सात जॉब निवडा. ज्याने कोणाला न विचारता सेटिंग केले, ज्याचा पहिला नग तपासणीत पास झाला आणि पुढचे वीस नग मापात राहिले, त्याच्या नावापुढे त्या जॉबची खूण करावी. भिंतीवर एक तक्ता लावा, एका बाजूला नावे आणि वर जॉब. इतक्या खुणा झाल्या की इतकी वाढ, हे आधीच लिहून ठेवा. मध्यरात्रीचे फोन थांबवायचे असतील तर रात्रपाळीतल्या माणसापासून सुरुवात करा, आणि त्यातही पातळ बुशच्या जॉबपासून, कारण बहुधा मशीन त्यावरच अडत असेल.