दोन तासांत महाबलीपुरम?

शोभाताई (बी ३०४): सेक्रेटरी, सहलीचं वेळापत्रक आत्ता बघितलं. महाबलीपुरम ११ ते १, मग जेवण, मग कांचीपुरमला साड्या. दोन तास? वेरूळला काय झालं ते सगळे विसरलात का? कैलास लेणं चाळीस मिनिटांत उरकलं आणि ढाब्यावर दीड तास बसलो.

सेक्रेटरी: ताई, नमस्कार. टूरवाल्याने दिलं तसं टाकलंय. सूचनांचं स्वागत आहे 🙏

नाना (ए १०२): ढाब्याचा विषय परत नको. पिठलं उशिरा आलं त्यात माझा काय दोष?

शोभाताई: नाना, तुमचं नाव कुणी घेतलं? मला पूर्ण दिवस हवा, एवढंच. अकराला दगड तापलेला असतो, त्या उन्हात पाच रथ, म्हणजे अखंड खडकातून कोरलेली ती रथासारखी देवळं, काय बघणार?

वर्षा (सी २०१): टँकर आला का? आमच्याकडे पाणी नाही.

मंदार (सी ४०१): चेन्नईहून साठेक किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघालो तर जमेल. तो लोण्याचा गोळा बघायचाच! अडीचशे टनांचा धोंडा उतारावर नुसता टेकलाय. १९०८ साली गव्हर्नरने सात हत्ती लावले, तरी हलला नाही म्हणतात.

नाना: आपल्या पार्किंगमधल्या बंद पडलेल्या सुमोसारखा 😄

मंदार: नाना, सुमो पुढच्या महिन्यात जाते आहे. तीनदा सांगितलंय.

सुलभाकाकू (ए ३०१): तिथे देवदर्शन होईल ना? नुसते दगड बघून काय करायचं?

शोभाताई: काकू, किनाऱ्यावरच्या देवळात आता पूजा होत नाही. पण गावातल्या स्थलशयन पेरुमाळच्या देवळात होते, विष्णूच्या १०८ दिव्यदेशांपैकी, म्हणजे पवित्र स्थानांपैकी, एक आहे ते. त्यालाही वेळ लागेल. म्हणून म्हणते, पूर्ण दिवस.

अण्णा (बी १०१): ज्या पल्लव राजा नरसिंहवर्म्याने आपल्या चालुक्य पुलकेशीला हरवून ६४२ मध्ये बदामी घेतली, त्याचंच हे गाव. मामल्ल त्याचीच पदवी, त्यावरूनच मामल्लपुरम. त्याचं कौतुक करायला पूर्ण दिवस?

शोभाताई: अण्णा, आधी पुलकेशीने त्याच्या बापाला हरवलं होतं, तेही सांगा की. राजे भांडले, पाथरवटांनी काय केलं? रथ अर्धवट राहिलेत, म्हणून तर छिन्नी कशी चालली ते कळतं. कळसापासून खाली उतरत गेलेत, आपल्या कैलासासारखे, पण शंभरेक वर्षं आधी. आणि तेही ग्रॅनाइटमध्ये.

अण्णा: बरं. माहितीबद्दल आभार.

वर्षा: टँकर???

सेक्रेटरी: वर्षाताई, वाटेत आहे. शोभाताई, साड्यांसाठी १४ जणांनी नावं दिलीत. त्यांचाही विचार करावा लागतो.

सुलभाकाकू: माझं नाव मी दिलेलं नाही.

नाना: तुमचं मी दिलं. गेल्या वेळी पैठणी राहिली म्हणून महिनाभर ऐकवत होतात.

शोभाताई: पूर्ण दिवस. तिसऱ्यांदा लिहिते आहे. ‘अर्जुनाची तपश्चर्या’ म्हणून खडकावर कोरलेलं मोठं शिल्प आहे, त्यात एक मांजर आहे, तपस्व्यासारखे हात वर करून उभं, पायाशी उंदीर. शेजारी खरेखुरे वाटावेत एवढाले हत्ती. मधल्या भेगेतून नाग वर येतात. कुणी म्हणतं तो अर्जुन, कुणी म्हणतं भगीरथ. हे बसून बघायचं असतं. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मुलांना पुस्तकातला फोटो दाखवून हेच मांजर काढायला लावलं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. गुडघे आता पुन्हा तिकडे नेतील असं वाटत नाही.

मंदार: ताई, मी थांबतो तुमच्याबरोबर. घडीची खुर्ची आणतो. साड्यांची बस जाऊ दे.

सुलभाकाकू: मीपण थांबते. पेरुमाळचं दर्शन घेऊन येते.

अण्णा: मग मलाही धरा. महिषासुरमर्दिनीची गुहा बघायची आहे.

सेक्रेटरी: ठीक आहे. मुक्काम तिथेच करता येईल का विचारतो. किनाऱ्यावरचं देऊळ सहाला उघडतं, सूर्योदयाच्या सुमारास पोहोचू. खर्च वाढेल, आधीच सांगतो. नंतर हिशेबावरून बोलायचं नाही.

नाना: गेल्या वर्षीचा हिशेब अजून मिळालेला नाही.

वर्षा: टँकर आला. आभार.

शोभाताई: मंदार, खुर्ची पाठीची आण रे.