विषय: मुलांची गरवायची सकाळ: एप्रिल की जुलै? आज ठरवा

प्रेषक: माई (पिकनिक समिती)

मंडळी,

कॅलेरो तलावावर मुलांना न्यायच्या तारखेचा घोळ अजून सुटलेला नाही आणि उद्या सकाळी जागेचे पैसे भरायचे आहेत. मला आज रात्रीपर्यंत एकच तारीख हवी.

मीटिंगमध्ये ४ जुलैजवळचा शनिवार ठरला होता. त्या दिवशी कॅलिफोर्निया राज्यभर मोफत मासेमारी असते, मोठ्यांना लायसन्स लागत नाही. आता आबा म्हणतात एप्रिल. सोळाच्या आतल्या मुलांना लायसन्स कधीच लागत नाही, ते ठीक. पण एप्रिलमध्ये काठी हातात घेणाऱ्या प्रत्येक पालकाला ते काढावं लागेल, एका दिवसाचे वीसेक डॉलर. सव्वीस मुलांची नावं आली आहेत, पालक चाळीसच्या वर. एवढा खर्च मंडळाच्या खात्यातून होणार नाही, हे आधीच सांगते.

बाबल, ग्रिल तू आणतोयस ना? तेही कळव.

माई

---

प्रेषक: आबा (मॉर्गन हिल)

माई,

जुलैत मुलांना तिथे नेऊन काय दाखवणार? दोन वर्षांपूर्वी नेलं होतं. दिवसभरात तीन ब्लूगिल, म्हणजे छोटे मासे, लागले, अकरा वाजता मुलं पाण्यात दगड मारत बसली आणि दुपारी दोघांना ऊन लागलं. तेव्हाही लायसन्स फुकटच होतं.

कॅलेरो मी पंधरा वर्षं चारही ऋतूंत पाहतो आहे. वहीत दर फेरीचं पाण्याचं तापमान लिहिलेलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

डिसेंबर-जानेवारीत पाणी पन्नास अंश फॅरनहाइटच्या आसपास येतं. बास, म्हणजे इथला मोठा शिकारी मासा, खोलात, दगडांच्या उतारावर पडून असतो. जिग, म्हणजे वजनदार डोक्याची गरी, तळावरून इंच इंच ओढावी लागते. तो चावतो तेव्हा झटका बसत नाही, ओलं पान गळाला अडकल्यासारखं जड लागतं एवढंच. हे काम आठ वर्षांच्या मुलाचं नाही.

फेब्रुवारीअखेर चार दिवस ऊन पडलं की माद्या पोटात अंडी घेऊन उथळाकडे सरकायला लागतात. मार्चमध्ये टोकांवर, म्हणजे जिथे जमीन पाण्यात घुसते तिथे, वर्षातला सगळ्यात भारी मासा मिळतो. पण मार्चमध्ये पावसाचा भरवसा नाही. पाणी साठ-पासष्ट अंशांवर आलं की नर शेपटीने तळ साफ करून ताटाएवढं घरटं करतो, गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात. हा एप्रिल. तेव्हा काठावर उभं राहून मासा डोळ्यांनी दिसतो. मुलांना याहून चांगलं काय दाखवणार?

जूनमध्ये सकाळी लवकर पाण्यावर रबरी बेडूक ओढला की तो उसळून घेतो. पण काउंटी पार्कचं गेट आठला उघडतं आणि जुलैत आठला ऊन डोक्यावर आलेलं असतं. शिवाय तेव्हा पाण्याचे थर पडतात: वर गरम, खाली गार, आणि खालच्या थरात प्राणवायू उरत नाही. म्हणजे मासा तळाशीही जाऊ शकत नाही. मधल्या पाण्यात, गवताच्या कडेला, सावलीत गप्प उभा असतो. ऑक्टोबरात पाणी निवलं की परत बारक्या मासळीच्या मागे लागतो, पण तेव्हा आपली दिवाळी असते.

माझं मत एप्रिल, तिसरा शनिवार.

आबा

---

प्रेषक: बाबल

ग्रिल माझीच, आणतो. पन्नास माणसांना पुरेल. मीठ, हळद, तिरफळ मी घरून आणीन, कोणी बाजारचे मसाले आणू नका. बासचं मांस पांढरं, काटा मोठा, आमच्या चोणकाच्या जवळचं आहे. फक्त काळी कातडी काढायला लागते, तिला शेवाळाचा वास असतो. साफ करायला दोघं हवेत.

आबा दरवेळी सगळा मासा सोडून देतात, या वेळी तसं करू नये. मुलांनी आपल्या हाताने धरलेला मासा आपल्या ताटात बघितला पाहिजे. आम्ही खाडीवर असंच शिकलो. वडिलांनी तंगूस (गळाचा दोर) हातात दिला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि पहिली मिळालेली काळुंदरी आईने मलाच तळून दिली.

---

प्रेषक: भाऊ (आल्मेडन)

बाबल,

कॅलेरोचा मासा खायचा नाही. एकही तुकडा नाही. तारीख नंतर ठरवा, आधी हे वाचा.

त्या पाण्यात पारा आहे. आपल्या मागच्या डोंगरात न्यू आल्मेडनच्या खाणी होत्या, १८४० च्या दशकात सुरू झालेल्या. हिंगूळ भाजून पारा काढायचे आणि गोल्ड रशच्या काळात सोनं वेगळं करायला तोच पारा लागायचा. खाणी बंद झाल्या तरी भाजलेल्या दगडांचा चुरा ओढ्यांतून वाहत राहिला. ग्वाडलूप आणि आल्मेडन ही धरणं त्या ओढ्यांवरच आहेत. कॅलेरो थोडं बाजूला, पण आल्मेडनचं पाणी कालव्याने कॅलेरोत येतं, त्याबरोबर पाराही आला. तिन्ही ठिकाणी मासे खाऊ नका म्हणून पाट्या आहेत.

आबांनी उन्हाळ्यातले थर सांगितले, ते इथेही लागू पडतात. तळाशी प्राणवायू संपला की तिथले जिवाणू पाऱ्याचं मेथिलमर्क्युरी, म्हणजे त्याचं विषारी रूप, करतात. ते शेवाळात जातं, शेवाळातून किड्यात, किड्यातून बारक्या मासळीत आणि शेवटी बासच्या अंगात साठतं. जितका बास मोठा आणि म्हातारा तितका पारा जास्त. म्हणूनच या धरणांत तळाशी प्राणवायू सोडायची यंत्रं बसवली आहेत.

कातडी काढून, तळून, उकळून उपयोग नाही. पारा चरबीत नसतो, मांसातच असतो. सगळ्यात धोका गर्भातल्या बाळाला आणि लहान मुलांच्या मेंदूला.

भाऊ

---

प्रेषक: बाबल

भाऊ, हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? पाटी मी बघितली होती. पोहू नका म्हणून लावली असेल असं समजून कधी थांबून वाचली नाही.

गेल्या मे महिन्यात मी तिथून दोन मोठे बास घरी नेले. सूनबाई तेव्हा पाच महिन्यांची होती. तिला वासच सहन झाला नाही म्हणून तिने ताट बाजूला केलं, आणि मी तिला आग्रह करत होतो, ताजा मासा आहे, घे गो थोडा. तुमची मेल वाचली तेव्हा नातू मांडीवर होता, तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

ही मेल मंडळाच्या सगळ्या घरांत गेली पाहिजे. भाऊ, मराठीत चार ओळी लिहून द्या. मी छापून देवळात आणि वाणसामानाच्या दुकानात लावतो.

उवास किंवा चेस्ब्रो तलावाचा चालतो काय?

---

प्रेषक: भाऊ

लिहून देतो, आजच.

उवास-चेस्ब्रोचाही नको. राज्याचा सगळ्या तळ्यांसाठीचा सर्वसाधारण सल्लाच असा आहे की मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी आणि मुलांनी बास खाऊ नये. मुलांना ताटात मासा द्यायचाच असेल तर हॅचरीतून आणून सोडलेला ट्राउट वेगळा, त्याच्यात पारा कमी असतो. पण बास नाही.

---

प्रेषक: नंदू

कॅलेरोचा एवढा त्रास असेल तर अँडरसन तलाव का नको? मोठा आहे, घराजवळ आहे. माझ्या दोन कयाक आहेत, त्या आणतो. गेल्या आठवड्यातच सॅक्रामेंटो नदीच्या डेल्टात नेल्या होत्या, एकदम चांगल्या चालतात.

---

प्रेषक: शुभा (युवा समिती)

माई, आबा,

मुलांचा कार्यक्रम आहे आणि तारखेबद्दल युवा समितीशी एकदाही कोणी बोललेलं नाही. मागच्या वर्षी पतंगांच्या वेळीही हेच झालं होतं. सव्वीस मुलांची नावं मी गोळा केली, पालकांचे फोन मी घेते. जागेचे पैसे पिकनिक समिती भरते म्हणून तारीखही तिनेच ठरवायची, हे मला मान्य नाही.

आणि आबांना एक विचारायचं आहे. एप्रिलमध्ये मासा घरट्यावर असतो म्हणून तो सहज दिसतो आणि सहज लागतो, म्हणून आपण मुलांना तेव्हाच न्यायचं? आमच्या गावी पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायचे. नदीतून शेताच्या चरात अंडी घालायला चढलेले, पोटं टम्म फुगलेले. आजी म्हणायची, आता गाभोळीवाला मासा खाताय, पुढच्या वर्षी ओढ्यात काय बघाल? खरंच आता तिथे काही चढत नाही. मुलांचा पहिला धडा हा नको.

शुभा

---

प्रेषक: नाना

शुभाच्या मेलवरून आठवलं म्हणून लिहितो, तारखेचं मला काही कळत नाही.

आमच्या भंडाऱ्याकडे मालगुजारी तलाव. पावसाळ्यात मरळीची पिल्लं पाण्यावर येतात, लालसर, शेकड्याने, सगळी एका गोळ्यात. पाण्याला उकळी फुटल्यासारखं दिसतं. त्याच्या खाली जोडी उभी असते, राखणीला. बेडूक लावून गरी त्या गोळ्यातून ओढली की मरळ हमखास झडप घालते. भुकेने नाही, पिल्लांजवळ काही आलं म्हणून.

मी बारा वर्षांचा असताना असा एक नर धरला. घरी कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच जागी गेलो. गोळा फुटला होता, पिल्लं काठाच्या गवतात विखुरली होती आणि बगळे एकेक टिपत होते. तलावावरच्या ढीवर म्हाताऱ्याने मला जवळ बोलावून फक्त एवढं विचारलं, "राखणदार तूच नेला का?" साठ वर्षं झाली. राखणीवरची मरळ मी परत धरली नाही.

नाना

---

प्रेषक: भाऊ

नंदू, अँडरसन २०२० पासून रिकामा आहे. भूकंपात टिकावं म्हणून धरणाचं काम चालू आहे.

आणि कयाक कृपा करून आणू नकोस. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेल्टातल्या स्टॉकटन बंदरात गोल्डन मसल हा शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. डेल्टाच्या पाण्यातून त्याची डोळ्याला न दिसणारी पिल्लं कयाकच्या तळातल्या चार थेंबांतूनही दुसऱ्या तळ्यात जातात. एकदा गेला की पंप, पाइप, जाळ्या सगळं शिंपल्यांनी बुजतं. आपण काठावरूनच गरवणार आहोत, कयाकची गरजही नाही.

---

प्रेषक: आबा

शुभा, तुझं बरोबर आहे. नाना, तुमचंही. मी स्वतः घरट्यावरच्या माशाला गळ लावत नाही, पण सव्वीस मुलांना काठावर उभं केल्यावर ते कसं सांभाळणार याचा मी विचार केला नव्हता. नर उचलला की ब्लूगिल मिनिटभरात घरट्यात शिरतात. आपण मासा परत सोडेपर्यंत अर्धी अंडी गेलेली असतात.

म्हणून आता माझं म्हणणं मेचा तिसरा शनिवार. तोवर बहुतेक घरटी उठलेली असतात आणि ब्लूगिल काठाजवळ आलेले असतात. मुलांना बास नव्हे, ब्लूगिल द्या. लहान गरी, अर्धा गांडूळ, वर बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा. दर दहा मिनिटांनी बॉबर बुडेल. ज्याला धीर आहे त्याला मी बाजूला नेऊन पाच इंची सेंको, म्हणजे मऊ रबरी अळी, देईन, मधोमध गरी घालून. ती तशीच पडू द्यायची, ओढायची नाही. दोर आपोआप आडवा सरकायला लागला की समजायचं.

जागाही बदलू या. कोयोटी लेकला कॅम्पग्राउंड पाण्याला लागून आहे. शुक्रवारी रात्री मुक्काम केला तर आठच्या गेटची वाट बघायला नको, उजाडताना मुलं पाण्यावर असतील.

आणि माई, चाळीस लायसन्स कशाला? जो काठी धरून गळ टाकेल त्यालाच लागतं. मी, भाऊ, बाबल आणि नंदू, चौघांकडे वर्षाचं आहे. बाकीच्या पालकांनी मुलांना गांडूळ लावून द्यावं आणि मागे उभं राहावं. हौस असेल त्याने आपलं काढावं.

मासा सोडताना हात ओले करून धरायचा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. खालच्या ओठाला धरून उभा, आणि मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली. एवढं मुलांना आधी दाखवू.

आबा

---

प्रेषक: शुभा (युवा समिती)

मेचा तिसरा शनिवार चालेल. रात्रीच्या मुक्कामासाठी पालकांचं संमतीपत्र लागेल, ते मी करते. आबा, माशाला हात कसा लावायचा हे आधी एका रविवारी शाळेत येऊन दाखवाल का? वीस मिनिटं पुरेत.

---

प्रेषक: माई (पिकनिक समिती)

शुभा, तुला आधी विचारायला हवं होतं. यापुढे मुलांच्या कार्यक्रमाची तारीख तू कळवायची, मी पैसे भरेन.

कोयोटी, मेचा तिसरा शनिवार, शुक्रवारी संध्याकाळी सहापासून. कॅम्पच्या जागा आत्ताच बघते, सात-आठ लागतील. कॅलेरोचं उद्याचं पेमेंट थांबवलं आहे.

बाबल, ग्रिल आणच. कणसं, वांगी आणि पापलेट दुकानातून घेऊ. तिरफळ तुझंच. भाऊंच्या चार ओळी आल्या की मलाही पाठव, कार्यक्रमाच्या पत्रकावर पहिल्याच पानावर घालते.

गांडुळांचे डबे किती लागतील, आबा?

---

प्रेषक: आबा

सव्वीस मुलं, दोघांत एक. तेरा डबे, दोन जास्त. शुक्रवारी मीच घेऊन येतो. बर्फाच्या पेटीत ठेवावे लागतील, पण खाण्याच्या पेटीत नको. एक जुनी पेटी कोणाकडे असेल तर आणा.