रंग द्यायचा असेल तर ॲक्रिलिकच

खिडकीच्या चौकटीभोवतीची फट सिलिकॉनने भरली आणि आता त्यावर रंग धरत नाही? धरणारच नाही. साध्या सिलिकॉनवर रंग बसतच नाही, थेंब थेंब होऊन सरकतो. ब्लेडने सगळं खरवडून काढा. पातळ थर जरी राहिला तरी त्यावर नवीन काही चिकटायचं नाही. मग ॲक्रिलिक सीलंट, म्हणजे फटी बुजवायची नळीतली पेस्ट, भरा.

हे पाण्यावर आधारलेलं असतं, म्हणून ओलं असेपर्यंत फडक्याने पुसता येतं. पण वाळताना ते पाणी उडतं आणि सीलंट आकसतं. त्यामुळे खोल फट एका दमात भरू नका. आधी आत फोमची दोरी दाबून बसवा, मग वरून सीलंट. नळीचं तोंड तिरकं कापा, भोक फटीपेक्षा किंचित लहानच ठेवा (दुकानातून कापून आणलंत तर ते हमखास मोठं निघतं, मग सगळीकडे बरबट). दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, ओलं बोट एकदाच फिरवा आणि सीलंट ओलं असतानाच टेप ओढा.

वरून लवकर साय धरते, पण आतून वाळायला दिवसभर तरी लागतो, पावसाळ्यात जास्तच. बाहेरच्या बाजूने भरणार असाल तर उघडीप बघूनच काढा हे काम. ताजं असताना सर आली तर वाहून जाईल.

सिंकभोवती, बाथरूमच्या कोपऱ्यात मात्र हे नको. तिथे बुरशीरोधक सिलिकॉनच. आणि भिंतीची भेग रुंदावत चालली असेल तर नळी बाजूला ठेवून आधी इंजिनिअरला दाखवा.